ग्यानबाची जबान

ग्यानबाच्या शेजारी मी वीस वर्षं राहिले आणि त्यातली निम्मी वर्षं मला त्याचा राग येत होता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुठे लेखणी तिरकी गेली तर वाचणाऱ्याने दचकू नये. माया नव्हती असं नाही. पण ज्या माणसाच्या खरेपणाचं आख्खं गाव कौतुक करतं, त्याच्या घरात राहणाऱ्यांना तो खरेपणा किती महाग पडतो, हे भिंतीला भिंत लागून राहिल्याशिवाय कळत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. नांदूरघाटाच्या अलीकडच्या या गावात आले तेव्हा राहायला दोन खोल्या मिळाल्या, त्या ग्यानबाच्या घराला लागून. ओटा दोन्ही घरांना मिळून एकच. पुढे माझ्या बदल्या झाल्या त्या आसपासच्याच शाळांत, म्हणून मी घर काही बदललं नाही. ग्यानबा उंच, वाळलेला, खांदे पुढे आलेले. बसायचा तो कायम टाचांवर. कुणी "टेका की जरा" म्हटलं तर म्हणायचा, "टेकलं की उठू वाटत न्हाई." हाताला चाळा एकच, बांधण्याचा. दोरी दिसली की तो काहीतरी बांधायला घ्यायचा. शाळेत पुस्तकांचे गठ्ठे आले की तोच बांधून द्यायचा, उसाच्या मोळीला मारतात तशी गाठ मारून. ती गाठ मला सुटायची नाही, हेडमास्तरांनाही सुटायची नाही. मग इंदरबाई यायची, एका बोटाने ती मोकळी करायची आणि आमच्याकडे बघून हसत परत जायची.

इंदरबाई त्याची बायको. बुटकी, गोल चेहऱ्याची. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, आणि नवरा ओट्यावर आला की गप्प. ते भिऊन नव्हतं. तो इतकं कमी बोलायचा, की बोलेल ते ऐकू यावं म्हणून ती आपलं आवरतं घ्यायची.

आमच्या भागात ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती पाला साळून मोळ्या बांधणार, आणि मग दोघं मिळून त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणार. असे दहा कोयते झाले की टोळी होते. दसरा झाला की टोळ्या कारखान्याला निघतात ते उन्हाळा लागल्यावर परत येतात, आणि तेवढे महिने गावात म्हातारी, कुत्री आणि आम्ही पगारदार. पाऊस बरा झाला तर बाजरी पदरात पडायची. पण मी पाहिलेल्या वर्षांत ती बऱ्याचदा गुडघ्याएवढी होऊन वाळली. जवळचा सहकारी कारखाना उसाअभावी बंद पडलेला, त्यामुळे लांबच्या, पाण्याच्या मुलखातल्या सहकारी कारखान्यांना जायचं. ग्यानबाच्या तोंडून मी आयुष्यात एकच विनोद ऐकला, तो ह्याच्यावर. "फाटकावर लिवलंय सहकारी," तो म्हणाला. "ऊस सभासदाचा, फोटू चेअरमनचा, आन् कोयता आमचा. झालं की समद्यांचं मिळून." आणि स्वतः हसला नाही.

मुकादम टोळी जमवायला लागला की बाकीच्यांकडून कागदावर अंगठे घ्यायचा. ग्यानबाकडून कधी घेतला नाही. "ग्यानबाची जबान हाय, मंग कागद कावून?" असं म्हणायचा. जबान म्हणजे शब्द. हा शब्द आमच्याकडे निजामाच्या वेळेपासून राहिला आणि गावात तो एका ग्यानबाच्या नावापुढेच शोभायचा. त्याच्या मोळीत वजन वाढवायला घातलेलं पाचट कधी निघालं नाही. बांधावरून वाद झाला की दोन्हीकडचे त्याला साक्षीला बोलवायचे. ह्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याइतका तो हुशार नव्हता.

एका दुष्काळात शेजारच्या गावात एका सोसायटीने जनावरांची छावणी उघडली होती. ग्यानबा-इंदरबाई आपली एकुलती एक गाय घेऊन तिथे राहिले होते. छावणीत जनावरं दाखवायची जास्त आणि असायची कमी, हे सगळ्यांना ठाऊक. तपासणीला साहेब आले त्या दिवशी छावणीचालकाने सांगून ठेवलं, की मोजून झालेली जनावरं मागच्या बाजूने फिरवून परत रांगेत लावायची. सगळ्यांनी लावली. कोणी विचारलं असतं तर तेवढ्यापुरतं "व्हय" म्हटलं असतं की काम भागत होतं. साहेबांनी ग्यानबाच्या गायीच्या पाठीवर हात ठेवून सहज विचारलं, "ही कुणाची?"

ग्यानबा म्हणाला, "माझीच हाय सायेब. मगाशी तुमी मोजली ती बी हीच. ही तिसऱ्यांदा आलीय."

साहेब काय करायचं ते करून गेले. संध्याकाळी ग्यानबाची गाय छावणीबाहेर काढली. गावात महिनाभर ही गोष्ट हसत सांगितली गेली, "बघा, असा माणूस." आणि तो महिनाभर इंदरबाई रोज दोन कोस चालून, कुणाच्या तरी विहिरीकाठचं हिरवं डोक्यावर आणत होती. खरं बोलल्याचा मान त्याचा आणि भारा हिच्या डोक्यावर. मी एकदा तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ द्या बाई. दुसऱ्याचा नवरा दारू पितो, माझा खरं बोलतो. काईतरी असतंयच." आणि मोकळी होऊन हसली.

मंजू ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती चौथीत असताना दसऱ्याला त्यांनी तिला बरोबर न्यायचं ठरवलं तेव्हा मी आडवी आले. म्हटलं, लेकरू माझ्याकडे ठेवा. इंदरबाईने तिथल्या तिथे मान हलवली. ग्यानबा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी येऊन टाचांवर बसला. "बाई, तुमी जबान द्या. पोरीची शाळा सुटू देनार न्हाई." मी दिली. जबान देणं म्हणजे काय असतं ते मला पुढची नऊ वर्षं, दर दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, कळत होतं. मंजू हुशार होती, हट्टी होती, आणि आईबाप परत यायच्या आठवड्यात तिला हमखास ताप यायचा. बारावी झाली, नर्सिंग झालं. जर्मन भाषा शिकली आणि एक दिवस जर्मनीतल्या एका लहानशा शहरात दवाखान्यात लागली. पहिल्या महिन्यापासून तिचा धोशा एकच होता. आईबापाने आता कोयता खाली ठेवायचा.

"सोडू की," ग्यानबा फोनवर म्हणायचा. "औंदाचं बोलनं झालंय. फुडच्या साली बगू." असं तीन वर्षं चाललं. शेवटी मंजूने दोघांना तिकडे बोलावून घ्यायचं काढलं. तिचा बेत मला सांगितला, त्यांना नाही. श्रावणात जायचं आणि परतीचं तिकीट दसऱ्याच्या पुष्कळ नंतरचं. गाड्या निघून जातील आणि कोयता आपोआप सुटेल. बेत चांगला होता. फक्त ग्यानबाने आषाढातच मुकादमाला जबान दिलेली होती, हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

व्हिसासाठी मुंबईला मीच घेऊन गेले. तिथे बोटांचे ठसे घेतात. ग्यानबाने हात काचेवर ठेवला आणि यंत्र काही बोलेना. तिथल्या मुलीने त्याची बोटं पुसली, परत ठेवायला लावली, दाबून धरली. उठलाच नाही ठसा. इतकी वर्षं ऊस आणि कोयत्याची मूठ धरून बोटं गुळगुळीत झालेली. "काका, काम काय करता?" मुलीने विचारलं. "कोयता," तो म्हणाला. तिला काही समजलं नाही. मग इंदरबाईची पाळी. तिचेही ठसे उठले नाहीत तेव्हा तिने नवऱ्याकडे अशी बघून मान हलवली, की जणू परीक्षेत दोघांना सारखे गुण पडले. रेशनच्या दुकानात त्यांचं हे दर महिन्याला व्हायचं, त्यामुळे दोघं अजिबात घाबरली नव्हती. घाबरले होते मी. शेवटी वरच्या साहेबाने येऊन काहीतरी लिहून घेतलं आणि आम्हाला सोडलं.

तिकडच्या गोष्टी मला इंदरबाईकडून कळल्या, परत आल्यावरच्या चार दिवसांत. मंजूने फोनवर पाठवलेले फोटो आधी पाहिले होते. इंदरबाई मंजूचा कोट घालून, खाली लुगडं, डोक्यावर पदर. तिथे ती उन्हं आल्यावर उठायला लागली होती, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "नळाला गरम पानी येतं बाई. आपोआप. पयल्या दिवशी म्या पटदिशी बंद केला, म्हनलं संपंल." मंजू कामाला गेली की ही कपडे धुण्याच्या यंत्रापुढे पाट टाकून बसायची आणि कपडे निघेपर्यंत उठायची नाही. "एवढं आपल्यापायी राबतंय, एकट्याला सोडून कसं जावं?"

ग्यानबाला करमत नव्हतं. तो दिवसभर चालायचा. शहराच्या कडेला मक्याची शेतं होती, उंच, उसासारखी दाट. तो रोज जाऊन बांधावर बसायचा. एके दिवशी इंदरबाईलाही घेऊन गेला, आणि नेमका त्याच दिवशी मका कापायला यंत्र आलं. दोघांनी बरोबर नेलेली भाकर खाऊन होईपर्यंत आख्खं शेत साफ. आत एकच माणूस, तोही बसलेला, कानात गाणी. ग्यानबा उभा राहून बघत होता. "किती कोयतं लागलं असतं?" इंदरबाईने विचारलं. "आपली टोळी," तो म्हणाला, "तीन दिस."

यंत्र निघून गेलं. वळणावळणावर धाटं राहून गेली होती, हिरवीगार, कवळी. आता हे तुम्हाला समजायला एक सांगायला हवं. उसाच्या फडात ऊस सभासदाचा असतो, पण शेंड्याकडचे वाढे, म्हणजे वैरणीचा हिरवा पाला, तोडणाऱ्याचे. तो हक्क कुणी नाकारत नाही. गावाकडे त्या वर्षी काडी दिसत नव्हती, आणि इथे एवढी वैरण मातीत पडलेली. इंदरबाईच्याने ते बघवेना. तिने यंत्रवाल्याला हातानेच विचारलं होतं, तोही हात हलवून गेला होता. तो निरोपाचा हात असेल, हिने परवानगी धरली. दोघांनी वाकून धाटं वेचली, ग्यानबाने ओल्या पाल्याच्याच दोरीने दोन भारे बांधले आणि एक तिच्या, एक आपल्या डोक्यावर घेऊन नवरा-बायको त्या स्वच्छ रस्त्याने रांगेत मंजूच्या घरी निघाले. मोटारी थांबत होत्या. इंदरबाईला वाटलं, लोक रीतीचे आहेत, भारेकऱ्याला वाट देतात.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एक म्हातारी होती, ती भिंतीला चिकटली. "म्या म्हनलं, आजी, भिऊ नका, कवळी हाय."

मंजू दवाखान्यातून आली तर गॅलरी हिरव्या वैरणीने भरलेली, आणि आई मधोमध बसून ती खालीवर करतेय, बुरशी येऊ नये म्हणून. मंजूने विचारलं, "माय, कुणासाठी?"

इंदरबाई मला सांगत होती, "बाई, तवा माझ्या ध्यानात आलं. समद्या त्या इमारतीत एक जनावर न्हाई. येवढं डोक्यावर घिऊन आलो, लिफ्टात कोंबलं, पर जनावर कुटंय हे दोघांच्या बी मनात आलं न्हाई बगा." ती हसत होती, डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. मीही हसले. मंजू मात्र त्या दिवशी हसली नव्हती. थकून आलेली, शेजाऱ्यांनी काही म्हटलेलं. ती आईला नको ते बोलली. "इथं राहायचं तर इथल्यासारखं राहा," म्हणाली. मग रडली आणि आईच्या मांडीवर झोपली. वैरण आणखी चार दिवस तिथेच होती.

तिथेच, त्या गॅलरीत, ग्यानबाला मुकादमाचा फोन आला. गाड्यांचा दिवस ठरला होता.

पुढचं इंदरबाईने मला गाड्या निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं, घराची किल्ली द्यायला आली तेव्हा. तोपर्यंत मी तिला सतत टोचत होते, की मंजूने एवढं केलं, तिकिटं बदलायला लावून तुम्ही परत कशा आलात? मंजूने मला फोनवर सांगितलं होतं, मायच म्हणाली, मला करमत नाही, मलाच जायचंय. किल्ली माझ्या हातात ठेवून इंदरबाई जरा थांबली.

"जायाचं म्या न्हाई काढलं, बाई. म्या ह्यांना म्हनले व्हते, औंदा ऱ्हाऊ द्या. माझ्यानं मोळी उचलंना. कंबरंतून कळ येती, कवाकवा छातीत बी धरतंय. येकदाच म्हनले. तर हे म्हनले, टोळीला जबान दिलीय, आपला कोयता गळला तर नवाचीच टोळी ऱ्हाती, मुकादम कुणाच्या तोंडाकडं बगंल. झालं. मंग म्या मंजूला सांगितलं, मलाच न्हाई करमत."

"खोटं कशाला सांगितलंत?"

"बापलेकीचं बिनसलं असतं की. ती हट्टी, हे तसलं." किल्लीकडे बोट करून म्हणाली, "तांदळाच्या डब्यात उंदीर जातोय, तेवढं बगा. आन् मंजूला बोलू नका ह्यातलं. बापाचं नाव खराब व्हतं."

मी त्याच वेळी शेजारी जाऊन ग्यानबाशी भांडायला हवं होतं. गेले नाही. सकाळी गाड्या निघून गेल्या.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मुकादमाचा फोन आला. इंदरबाई मोळी घेऊन फळीवर चढली होती. अर्ध्यावर थांबली, मागच्या बाईला वाटलं दम घेतेय. मग मोळीसकट खाली आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलेलं होतं. पडल्यामुळे गेली की आधीच गेली आणि मग पडली, हे कुणालाच सांगता आलं नाही. तिला गावाकडे आणलं तेव्हा ग्यानबा गाडीतून उतरला, ओट्यावर आला आणि पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकून बसला.

मंजूला पोचायला तिसरा दिवस उजाडला. आईचं तोंड तिला दिसलं नाही. ती रडली कमी आणि बोलत राहिली जास्त, आणि सारखं एकच. "बाई, तिला माझ्या घरी करमलं नाही. वैरणीवरून मी तिला बोलले. तिनं मनाला लावून घेतलं. मी बोलले नसते तर ती राहिली असती." झोपेतसुद्धा ती हे बोलायची, माझ्याच खोलीत झोपत होती म्हणून मी ऐकत होते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ग्यानबा माझ्याकडे आला. "बाई, मंजू काय म्हनती ते ऐकताय न्हवं?"

"ऐकतेय."

"ती सवताच्या माथ्यावर घेतीय. तसं न्हाई ते."

मी म्हटलं, "ग्यानबा, मला माहीत आहे कसं आहे ते. इंदरबाईनं सांगितलंय मला. पण आता बोलून काय होणार? पोरगी चार दिवसांनी निघून जाईल. तुम्हाला तिच्याशिवाय कोण आहे?"

"म्हंजी पोरीनं जलमभर वझं घ्यायचं?"

"हळूहळू विसरेल ती. मी समजावते तिला. तुम्ही गप्प राहा." मी हे बोलले. शाळेत मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवणारी बाई मी, हे मी बोलले, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

तो उठून गेला. संध्याकाळी मंजू ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ग्यानबा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बसलासुद्धा नाही.

"मंजे, तुझी माय ऱ्हाते म्हनत व्हती थितं. म्या आनली तिला. तुला खोटं सांगितलं तिनं, माझ्यापायी."

मंजूचे हात थांबले. मग तिने नर्स जसं विचारते तसं, शांतपणे विचारलं, "तिला काय होत होतं?"

"कंबर धरायची. छातीत बी कवाकवा दुखायचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

मी दारात उभी होते. मी त्याच्याकडे बघून नाही म्हणा, नाही म्हणा, असं मनात ओरडत होते. डॉक्टरला दाखवायला जर्मनीत पोरगी कामाला होती तो दवाखाना होता. दहा मिनिटांवर.

"व्हतं," ग्यानबा म्हणाला.

मंजूने निवडलेले तांदूळ डब्यात भरले, सूप भिंतीला लावलं आणि आत गेली.

तेराव्यापर्यंत ती राहिली. दोन वेळा भाकरी थापून त्याच्यापुढे ताट ठेवायची, त्याचे कपडे धुवायची, आणि एक शब्द बोलायची नाही. त्यानेही बोलवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. निघताना ती माझ्या पाया पडली. तो दोन पावलांवर उभा होता. ती वळली तेव्हा त्याने आपले पाय जरा मागे घेतले, तिची अडचण होऊ नये म्हणून. ती जीपमध्ये बसली.

त्या दिवसापासून तिचा फोन मला यायला लागला, दर रविवारी. आबा जेवतात का, गुडघ्याचं औषध घेतात का, पत्रा गळतो का, सगळं विचारायची. त्यांना फोन द्या, असं कधी म्हटलं नाही. मी एकदोनदा सुचवून पाहिलं तर म्हणाली, "बाई, काय बोलू? मी रागावले असते तर बोलले असते." ग्यानबाला मी दर खेपेला सांगायचे, मंजूचा फोन होता, तुमची विचारपूस करत होती. तो "बरं" म्हणायचा आणि दोरी घेऊन बसायचा. रविवारी दुपारी तो घराबाहेर कुठे जायचा नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

त्या वर्षीही पाऊस दडी मारून बसला. दसरा जवळ आला तसा मुकादम गावात फिरायला लागला. आमच्याकडे एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात. ग्यानबाला अर्धा धरून, दुसऱ्या गावच्या एका एकट्या माणसाशी त्याची जोड लावली होती. मला हे कळलं तेव्हा मी तणतणत ओट्यावर गेले. "ग्यानबा, कावून चाललात आता? पोरीचं एवढंच मागणं होतं. एवढंच. ह्या वेळी कुणी जबान मागितली होती तुमच्याकडं?"

तो कोयत्याला कानस लावत होता. "कुनी न्हाई मागितली. म्या सवताहून गेलतो मुकादमाकडं." थोड्या वेळाने म्हणाला, "हितं पडून ऱ्हायलं की ती फळी दिसती, बाई. थितं काम असतंय, मानूस दमतंय. दमलं की झोप लागती."



गाड्या निघायचा दिवस नेमका रविवार आला. देवळापुढे दोन ट्रॅक्टर उभे, ट्रॉल्यांत भांडी, गोधड्या, शेळ्या, पोरं. ग्यानबाचं एक बोचकं. मी त्याला पोचवायला गेले होते. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला आणि तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. गलका होता म्हणून मी आवाज मोठा केला.

"बाई," मंजू म्हणाली, "आज तिकडं गाड्या निघणार ना? आबा ह्या वर्षी गेले नाहीत ना?"

ग्यानबा माझ्या शेजारी उभा होता. त्याने आवाज ऐकला आणि हातातलं बोचकं खाली ठेवलं. मी त्याच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. "नाही गं" म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तो पुढे वाकला आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला,

"निघालोय, मंजे."

तिकडे काहीच आवाज नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. तो तसाच वाकून उभा होता, एक हात गुडघ्यावर, आणि ट्रॉलीतले सगळे आमच्याकडे बघत होते. मग फोन बंद झाला.

मी परत लावते म्हटलं. त्याने नको म्हणून मान हलवली. बोचकं उचललं, ट्रॉलीच्या कडेला हात घातला. एका पोराने त्याला वर ओढून घेतलं. वर गेल्यावर तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मला बरा वाटला, खूप दिवसांनी बरा वाटला.

"आवाज चांगला हाय तिचा," तो म्हणाला. "सर्दी-बिर्दी काई न्हाई."